अर्ध्या बेडकांची खदान

मंगळवार, ९ जुलै १९८५

आलो एकदाचा. परवा परभणीहून निघालो, मुंबईत गाडी बदलली आणि आज सकाळी साडेदहाला बोईसरला उतरलो. स्टेशनाबाहेर कारखान्याचा टेम्पो उभाच होता. ड्रायव्हर देवू मुरबे गावचा, म्हणजे समुद्राकाठचा. त्याने ट्रंक मागे टाकली आणि वळकटी भिजू नये म्हणून माझ्या मांडीवर दिली. बोईसरची धुराडी मागे टाकून आम्ही पूर्वेला वळलो आणि पाच-सहा मैलांत सगळे चित्रच पालटले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, पलीकडे ढगांत डोके खुपसून बसलेले डोंगर, आणि जिकडे पाहावे तिकडे पाणी. आमच्या गावी दोन घागरींसाठी बायका आडावर नंबर लावतात. इथे ते रस्त्यावरून वाहते आहे आणि त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही.

देवू वाटेत पुष्कळ बोलला, पण मला निम्मेच ऐकू आले, कारण बेडूक. इंजिनापेक्षा त्यांचा आवाज मोठा. खाचरांत हळदीसारखे पिवळे नर बसले होते, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि एकेक फुगा फुगला की अंग हलत होते. एवढे मोठे बेडूक मी जन्मात पाहिले नव्हते. वाटेत एक ओहोळ लागतो, त्यावर सिमेंटची मोरी आहे. मोरी ओलांडली की डोंगराच्या पायथ्याशी आमचा कारखाना: पत्र्याची लांब शेड, बर्फखोली, जनरेटर आणि कामगारांच्या चार खोल्या. माझी खोली शेवटची. दोन खण, न्हाणी, मागे ओटा. सुगंधाला आवडेल. आमच्या लग्नाला वर्षही झाले नाही, आणि त्यातले सहा महिने मी नोकरी शोधण्यात घालवले. पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ तिला घेऊन येईल.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले तेव्हा वडिलांनी विचारले होते, याने पोट कसे भरणार. आज त्यांना कार्ड टाकले: बेडकांवर भरेन.

बुधवार, १० जुलै

काम समजावून घेतले. हजेरीपट आणि मालाची देखरेख माझ्याकडे. झिपरू म्हणून एक आदिवासी आहे, जवळच्या पाड्यावरचा, चाळिशीचा. तो आणि त्याची माणसे अंधार पडल्यावर गॅसबत्त्या घेऊन खाचरांत उतरतात. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही. उचलायचा, पोत्यात टाकायचा. सकाळी सातला पोती शेडमध्ये येतात. जमिनीवर ठेवलेली पोती आपोआप थोडी थोडी सरकतात.

आधी त्यांना मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. त्याने ते बधिर होतात असे अण्णाने सांगितले. अण्णा इथला मुख्य कापणारा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आधी मुंबईला कोळंबीच्या कारखान्यात होता. बधिर होतात की नुसते दमतात, मला सांगता येणार नाही. त्यानंतर फळी. फळीत उभे पाते ठोकलेले आहे. बेडूक दोन्ही हातांनी धरायचा आणि कमरेशी पात्यावर ओढायचा. एकच ओढ. पाय उजवीकडच्या टोपलीत, उरलेला बेडूक डावीकडच्या.

उरलेला बेडूक असे लिहिले खरे, पण त्याला दुसरे काय म्हणावे ते मला सुचत नाही. डोके, पोट, पुढचे दोन पाय. डोळे उघडे. टोपलीत ते एकमेकांच्या पाठीवर चढत होते. कॉलेजात आम्हा चौघांत एक बेडूक मिळायचा आणि त्यालाही आधी क्लोरोफॉर्म देत.

पायांचे कातडे मोज्यासारखे ओढून काढतात, धुतात, बर्फात गोठवतात आणि खोक्यांत भरतात. खोकी बोटीने परदेशी जातात. तिकडे ही मोठ्या लोकांची डिश आहे म्हणे. डावीकडच्या टोपल्या मात्र शेडमागे जातात. तिथे बंद पडलेली दगडाची खदान आहे, पावसाने निम्मी भरलेली. टोपल्या तिच्यात उलट्या करायच्या.

दुपारी मी काठापर्यंत गेलो. खाली पाण्यावर जाड थर होता आणि तो सगळा थर हलत होता. आठला कापलेले एक वाजता हलत होते. परत येऊन ओकलो. अण्णा म्हणाला, आठ दिवसांत सवय होते.

बुधवार, १७ जुलै

सहा दिवसांत झाली.

आता मी फळीजवळ उभा राहून चहा पिऊ शकतो. फळीवर झिपरूची बायको सोमी आणि त्यांची मुलगी कमळी याही असतात. कमळी सतरा-अठराची. हात अण्णाइतकाच चालतो आणि काम करताना ती बारीक आवाजात गात असते. पुढच्या मार्गशीर्षात तिचे लग्न आहे.

आज झिपरूशी बराच वेळ बोललो. तो सांगत होता की त्याच्या आज्याच्या काळी लोक बेडूक खात, नाही असे नाही, पण चार-दोन, आणि पोट फुगलेली मादी हाताला लागली तर सोडून देत. मी विचारले, मग आता का सोडत नाहीस. तो हसला. म्हणाला, "शेट सांगतो समदा आना. तुमी सांगा, मंग सोडतो."

मी काही सांगितले नाही. ते माझे काम नव्हे.

गुरुवार, २५ जुलै

सुगंधा येऊन चार दिवस झाले. खोली तिने एका दिवसात घरासारखी करून टाकली. ओट्यावर बसून खाचरांकडे बघत राहते. संध्याकाळी बेडकांचा आवाज सुरू झाला की कान देऊन ऐकते. म्हणाली, पहिल्या पत्रात तुम्ही लिहिले होते त्यापेक्षा आवाज कमी आहे. मी म्हणालो, मी जरा वाढवून लिहिले असेल.

खदानीकडे जाऊ नकोस, तिकडे घाण टाकतात, एवढेच तिला सांगितले होते. आज ती गेली. मी घरी आलो तेव्हा चूल विझलेली आणि ती भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, ते कडेच्या दगडांना पुढच्या पायांनी धरून बसले आहेत आणि सगळ्यांची तोंडे आपल्याकडे आहेत. मी समजावले की ते वर चढू बघतात, आणि चढायची बाजू नेमकी आपल्याकडची. तिने ऐकून घेतले. जेवली नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट

माल घटला. झिपरूची माणसे आता नागझरी गावाच्याही पुढे जातात आणि तरी पोती अर्धीच भरतात. येतात ते बेडूक लहान. माद्याच जास्त, अंड्यांनी फुगलेल्या. पात्यावर ओढल्या की अंड्यांचा काळा लगदा फळीभर होतो. पाण्याचा पाइप लावून धुवावा लागतो.

काल संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आवाज नव्हता. पाऊस चालू, खाचरे तुडुंब भरलेली, आणि आवाज नाही. मच्छर मात्र इतके की बोलायला तोंड उघडले तर आत जातात.

शेडमागे साप दिसू लागले. आधी दिवड आणि धामण, ते निरुपद्रवी. मी कामगारांना सांगितले की यांना मारू नका, बेडूक हेच यांचे खाणे आहे, शेतात मिळत नाही म्हणून वासाने इकडे येतात. आज मात्र खदानीच्या काठी नाग होता. भर दुपारी, माणसांची ये-जा चालू असताना. त्याच्या तोंडात एक अर्धा बेडूक होता आणि तो बेडूक पुढचे पाय झाडत होता. अण्णाने फावड्याने दोघांचेही तुकडे केले.

शनिवार, १० ऑगस्ट

या आठवड्यात अण्णाने किती साप मारले ते त्यालाही सांगता येणार नाही. पोत्यांखाली, टाकीमागे, बर्फखोलीच्या दारात. बर्फखोलीत एक घोणस गारठून पडली होती. तिला त्याने फळीवर नेऊन बेडकासारखी पात्यावर ओढली. पोटात पिल्ले होती. ती फळीवर वळवळली आणि त्याने एकेक करून तीही ओढली. कमळीचे गाणे बंद पडले. माणसे लांब सरकली. अण्णाला सापांची भीती वाटत नाही. त्याला त्यांचा राग येतो. मारून झाल्यावरही तो मारत राहतो.

झिपरू दुपारी खोलीवर आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सुगंधाने बस म्हटले तरी बसला नाही. त्याच्या भाताला अळी लागली आहे. एका रात्रीत दोन खाचरे तळापर्यंत खाल्ली. मी विचारले, फवारणी केली का.

तो म्हणाला, "सायब, अळी पयलं पन यायची. बेडूक तिला खायचा. आता खानारा नाय. पाड्यावर घरात साप येतान. पोरां खाली निजवत नाय आमी. उद्यापासून आमी बेडूक नाय धरनार."

मी म्हणालो, शेठशी बोलतो. शेठ मुंबईला असतात. फोन करायला बोईसरला जावे लागते. गेलो, बोललो. ते म्हणाले, बोटीची तारीख ठरलेली आहे, पंधरा दिवस कसेही काढ. मी परत येऊन झिपरूला पंधरा दिवस म्हणून सांगितले. त्याने मान हलवली. मला वाटले, मी बरे काम केले.

बुधवार, १४ ऑगस्ट

कमळी गेली.

सकाळी नऊच्या सुमाराला ती कोपऱ्यातले ओले पोते ओढायला गेली. ढिगात घोणस होती. मनगटावर चावली आणि सुटेना. कमळीने हात झटकला तशी घोणसही हाताबरोबर हवेत फिरली. अण्णाने तिला शेपटीकडून खेचून काढले आणि दगडावर आपटले. दहा मिनिटांत हात कोपरापर्यंत सुजला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

टेम्पोत खोकी चढवणे चालू होते. देवू म्हणाला, खोकी उतरवतो, पोरीला पालघरला नेतो. अण्णा म्हणाला, अर्धी चढली आहेत, उरलेली चढवा, वाटेत पालघरला उतरवा तिला. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, चढवा.

पाऊण तास गेला. सोमी तिला मांडीवर घेऊन शेडच्या दारात बसली होती. कमळीच्या नाकातून, डोळ्यांच्या कडांतून, कधी काळी टोचलेल्या कानांच्या भोकांतून रक्त येत होते. ती आईला सारखे सांगत होती की मला तहान लागली. मोरीपलीकडे दोन मैलांवर टेम्पोतच गेली.

संध्याकाळी देवूबरोबर शेठचा निरोप आला. हजेरीपटात आज तिची गैरहजेरी मांडायची. चावली ती घरी चावली.

मी मांडली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुगंधा सकाळीच पाड्यावर गेली. ट्रंकेतले लग्नातले हिरवे पातळ घेऊन. ते कमळीला पांघरायला दिले. दिवसभर सोमीजवळ बसून राहिली. परत आल्यावर मला विचारले, पाऊण तास का लागला. मी सांगितले. आज तिने माझे ताट वाढून ठेवले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

शनिवार, १७ ऑगस्ट

झिपरूची माणसे आली नाहीत. शेठने ट्रक भरून बाहेरची माणसे पाठवली, बोईसरच्या कारखान्यांतून काढून टाकलेली, हिंदी बोलणारी. त्यांना खाचरे माहीत नाहीत. बांध फोडतात, भात तुडवतात. सकाळी झिपरू एकटाच शेडमध्ये आला. हातात काही नव्हते. त्या माणसांसमोर उभा राहून सांगत होता की आमच्या शेतात उतरू नका.

अण्णाने त्याला मागून धरले आणि पाडले. उठला की पुन्हा पाडले. मग मला म्हणाला, "साहेब, हात धरा याचे." मी धरले. दोन्ही हात, पाठीमागे. अण्णाने पाण्याचा रबरी पाइप दुमडून घेतला आणि त्याने मारले. छातीवर, तोंडावर, पुन्हा तोंडावर. डावी भुवई फाटली. झिपरू ओरडला नाही. त्याचा श्वास मला माझ्या मनगटांवर लागत होता.

मी का धरले? मला कोणी धमकावले नव्हते. मी सोडले असते तरी चालले असते. अण्णाने हात धरा म्हटले आणि मी धरले.

सुगंधा खोलीच्या दारातून बघत होती.

मंगळवार, २० ऑगस्ट

आजचे लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बाहेरच्या माणसांपैकी दोघांना साप चावले. एक वाचला. बाकीचे म्हणाले, खदान साफ केल्याशिवाय काम करणार नाही. खदानीत आता सापांचा गुंताडा झाला होता. अर्ध्या बेडकांचा थर, त्यावर साप, सापांच्या तोंडांत बेडूक. कडेच्या कपारींत, झुडपांत. काठावर उभे राहिले की सळसळ ऐकू यायची.

दुपारी तीनला अण्णाने जनरेटरच्या डिझेलची दोन पिंपे काठावर आणून उलटी केली. मी म्हणालो, असे करू नकोस, ते बाहेर पळतील. त्याने पेटता बोळा टाकला.

पाण्यावर आग पसरत गेली. पाण्यावर चरबीचा तवंग होता, तोही पेटला. बेडकांची पोटे फुटत होती, ज्वारीच्या लाह्यांसारखी. साप वर आले. सगळ्या बाजूंनी, एकमेकांवरून, काही जळत. जळणारे साप गवतातून गेले आणि ओल्या गवतावर वाफेच्या रेघा उठल्या. माणसे शेडकडे पळाली, साप शेडकडेच गेले. अण्णा मात्र काठावर पाय रोवून बांबूने झोडपत होता. एक, मग दुसरा, मग तिसरा. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. काठ चरबीने बुळबुळीत झालेला. त्याचा पाय गेला.

तो कमरेपर्यंत आत पडला. आग त्याच्या अंगाला धरली. तो दगडांना पंजे लावून वर चढू बघत होता आणि हात सटकत होते. मी बांबू पुढे केला. त्याने धरला. मी ओढला. त्याच्या तळव्यांचे कातडे बांबूवर राहिले आणि तो परत खाली गेला.

आकड्याने बाहेर काढला तेव्हा जीव नव्हता. तोंड नव्हते. गळ्याला, दंडाला साप चावून तसेच जळलेले.

देवू प्रेत घेऊन पालघरला गेला. बाहेरची माणसे टेम्पोच्या टपापर्यंत चढून त्याच्याबरोबर गेली. आम्हाला जागा नव्हती. देवू म्हणाला, उद्या सकाळी येतो, सामान बांधून ठेवा.

बुधवार, २१ ऑगस्ट

देवू आला नाही. काल संध्याकाळपासून पाऊस थांबलेला नाही. ओहोळ मोरीवरून वाहतो आहे. छातीइतके पाणी असेल. मागे डोंगर.

खदान भरून वाहते आहे. ते सगळे अर्धे बेडूक आता अंगणात आले. पोटे वर, काळी, जळलेली. सुगंधा खराट्याने ओट्यावरून ढकलते आणि ते पाण्याबरोबर परत येतात.

न्हाणीत दोन साप. एक मी मारला, एक दिसेनासा झाला.

सुगंधा आज माझ्याशी बोलली. म्हणाली, इथून गेल्यावर सोमीला जाऊन सांगा, गैरहजेरी तुम्ही मांडलीत ते. मी हो म्हणालो. खरेच सांगेन.

गुरुवार, २२ ऑगस्ट

पाणी उंबऱ्याशी. जनरेटर बंद.

पलंग नाही. ट्रंका आणि फळ्या मांडून त्यावर निजतो. दोघे एकाच गोधडीत.

भिंतीवरून साप वर जातात. मारायचे सोडले. काठीने बाजूला करतो. त्यांनाही कोरडी जागा हवी आहे, दुसरे काय.

तांदूळ भिजले. काडेपेटीत सात काड्या.

कोणी येत नाही —

शुक्रवार, २३ ऑगस्ट

सकाळ. पहाटेपासून पोटात कळा. सुगंधालाही. भिजलेल्या तांदळाचे असेल. घसा कोरडा. तिला उलटी झाली.

नऊ. पापण्या जड. दोघांच्याही. सुगंधा म्हणते, मला तुम्ही दोन दिसता.

साडेनऊ. गोधडी झटकली. मण्यार. काळी, अंगावर पांढरे पट्टे, हातभर. वरवंट्याने ठेचली. ठेचत राहिलो. सुगंधाने हात धरून थांबवले.

माझ्या कानामागे दोन टिंबे. तिच्या दंडावर. झोपेत. दुखलेही नाही —

दहा. मण्यारीचे मी शिकलो आहे. आधी पापण्या, मग जीभ, मग श्वास. हात त्यामानाने उशिरा. शुद्ध जात नाही. पुस्तकात हे दोन ओळींत होते.

ओट्यावर उभा राहून थाळी बडवली. पाड्याकडे तोंड करून. हात दुखेपर्यंत. पावसात किती जाईल आवाज. आणि कोण येईल. माझ्यासाठी कोण.

साडेदहा. सुगंधाला बोलता येत नाही. शब्द तोंडातच मऊ होतात. तिने माझे मनगट धरले आहे. ठरवले: हो असेल तर एकदा दाबायचे.

विचारले, भीती वाटते का. एकदा दाबले.

विचारले, माझा राग आहे का. दाबले नाही. की जमले नाही —

अकरा. डाव्या हाताचे मनगट तिच्याकडे. वही मांडीवर. लिहिताना मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून बघतो. तिचा श्वास दिसत नाही. नाकाशी आरसा धरला. धूसर होतो. अगदी थोडा.

हाक मारली. माझाच आवाज निघाला नाही.

एकदा दाबले. म्हणजे ऐकते.

लाळ गिळता येत नाही

माणसे. पाण्यातून. चौघे. पुढे झिपरू, भुवईवर खपली. सोमी. बांबू आणि झोळी.

एकच झोळी.

सोमी म्हणते थाळी ऐकली. बाई माझ्या पोरीजवळ बसली होती म्हणून आलो म्हणते. सुगंधाच्या नाकाशी हात धरला. गाल हलवले. पापणी उचलून पाहिली. म्हणाली, "बाई गेली."

तोंडावर पदर ओढला.

झिपरू म्हणतो, "सायबात जीव हाय. याला उचला. बाईला मागशी नेऊ, पानी उतरल्यावर."

नाही

गेली नाही. बोट. माझ्या मनगटावर तिचे बोट आहे. तोंड उघडतो, नुसती हवा. मान हलत नाही

वही दाखवली. मोठे लिहिले.

जिवंत आहे

तिला आधी न्या

झिपरूने वही हातात घेतली. बघितली. परत माझ्या मांडीवर ठेवली. चौघांत कोणाला वाचता येत नाही. सोमी म्हणाली, "बाईचा नाव लिवते तो. लिवू दे."

जिवंत जिवंत आहे आरसा धरा नाकाशी आरसा

मला उचलताहेत. सोमी तिची बोटे सोडवते. माझ्या मनगटावरून. एकेक

सोमी ती दाबते आहे ती दा